रणांगणावर मोजणीसाहेब

नगरच्या माणसानं तिकीट काढून युद्धपट बघायचा म्हणजे अलिबागकरानं पैसे भरून समुद्र बघायचा, असं माझी बायको म्हणते. तिचं अगदीच चुकतं असं नाही. पाटीवर आता अहिल्यानगर आलं, जिभेवर अजून नगरच आहे. पण नाव कुठलंही घ्या, या गावात फौज घरच्यासारखी वावरते. आर्मर्ड कोअरचं केंद्र आणि शाळा इथं. मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं केंद्र इथं. फौजेच्या गाड्यांवर संशोधन करणारी व्हीआरडीई इथं. के. के. रेंजवर सराव सुरू झाला की आमच्या मांडणीतली फुलपात्रं एकमेकांशी कुजबुजायला लागतात. के. के. म्हणजे खारे कर्जुने. पुण्याच्या साडूंना बरेच दिवस वाटत होतं, की हा त्या गायकाच्या नावाचा काहीतरी प्रकार आहे.

अशा गावात राहून मला युद्धपटांचं वेड लागलं. बरं, नोकरी सरकारी मोजणीदाराची. सीमेशी माझा संबंध आला तो बांधापुरता. दोन सख्खे भाऊ, मध्ये वीतभर माती, आणि माझ्या हातात नकाशा. याहून जवळून मी युद्ध पाहिलेलं नाही.

वेडाची सुरुवात 'बॉर्डर'पासून. 1997 च्या पावसाळ्यात तो पाहिला तेव्हा मी कॉलेजात होतो. थेटरातून बाहेर पडलो तो छाती दोन इंच पुढं घेऊनच. सायकलस्टँडवाल्यानं आठ आणे जास्त मागितले. एरवी मी दिले असते. त्या दिवशी सनी देओल अजून घशात होता. मी असा काही ओरडलो, की स्टँडवरची कबुतरं उडाली. स्टँडवाला काही बोलला नाही. घरी मात्र सायकल हातानं ढकलत न्यावी लागली, कारण दोन्ही चाकांत हवा नव्हती. सावेडीपर्यंतच्या त्या वाटेवर छाती मूळ जागी आली.

पुढं वाचनाचा नाद लागला आणि पंचाईत झाली. लोंगेवालाची लढाई 4 आणि 5 डिसेंबर 1971 च्या रात्री झाली. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्याकडं 23 पंजाबचे सव्वाशेच्या आत-बाहेर जवान होते आणि समोरून रणगाड्यांची रांगच रांग. उजाडेपर्यंत ठाणं टिकवलं आणि उजाडल्यावर जैसलमेरहून हंटर विमानं आली, कारण त्या विमानांना रात्री लढता येत नव्हतं. इथपर्यंत सिनेमा आणि पुस्तक हातात हात घालून चालतात. मग पुस्तक म्हणतं, त्या लढाईत ठाण्यावरचे आपले दोन जवान गेले. सिनेमात तर मोजदाद ठेवता येत नाही. सुनील शेट्टीनं केलेला भैरोसिंग पडद्यावर डोळ्यांदेखत हुतात्मा झाला. खरे भैरोसिंग राठोड 2022 सालापर्यंत हयात होते. हे वाचून माणसाला हायसं वाटायला पाहिजे. मला काय वाटलं? 'अरे, मग मी रुमाल भिजवला तो कुणासाठी?' इतका नीच विचार मनात येऊन गेला, हे बायकोला अजून सांगितलेलं नाही.

सिनेमानं आणखी एक सवय लावली. नोकरीच्या सुरुवातीला पारनेर तालुक्यात रेंजच्या कडेच्या एका गावात मोजणीला गेलो होतो. ज्वारीचं रान, प्लेन टेबल मांडलेलं, दोन्ही भावांचे गट दोन अंगांना उभे. एवढ्यात धडाडधूम! पायाखालची जमीन हलली. मी 'लेट जाओ!' असं हिंदीतून ओरडलो आणि टेबलाखाली उताणा पडलो. पालथं पडायचं असतं हे नंतर कळलं. ज्वारी हलली नाही, माणसं हलली नाहीत. बांधावर बसलेल्या आजोबांनी हातातली भाकरीसुद्धा खाली ठेवली नाही.

"सायेब, काय सांडलं का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, पेन्सिल. चार जणांनी खाली वाकून पेन्सिल शोधली. ती माझ्या कानावर होती. पण खरं प्रकरण पुढंच. धाकट्या भावानं तिथल्या तिथं हरकत घेतली, की मोजणीवाले साहेब थोरल्याच्या बाजूला आडवे झाले, तेव्हा मोजणी त्याच्याकडं झुकणार. ती हरकत कागदावर आली. माझ्या नोकरीतला एकमेव युद्धवृत्तान्त तोच.

एवढ्या अनुभवावर मी आमच्या वसाहतीत युद्धपटांचा जाणकार म्हणून मिरवत होतो. गेल्या सव्वीस जानेवारीच्या निमित्तानं मीच टूम काढली, की तीन रात्रींचा युद्धपट महोत्सव करू. चोवीसला 'हकीकत', पंचवीसला 'बॉर्डर', सव्वीसला 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'. चेअरमननी यादी डोळ्यांजवळ धरून वाचली.

"ह्या 'हकीकत'मध्ये आपण जिंकतो का?"

"नाही हो. 1962 आहे."

"मग सव्वीस जानेवारीच्या तोंडावर हरायचं कशाला? आणि हे तिसरं काय, प्रायव्हेट? बायामाणसं असतात, लहान पोरं असतात. खाजगीतलं काही नको."

मी पोटतिडकीनं सांगितलं, की प्रायव्हेट म्हणजे साधा शिपाई. पहिल्या अर्ध्या तासात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरचा जो थरार स्पीलबर्गनं उभा केला आहे, त्याला तोड नाही. चेअरमननी 'किनाऱ्यावर' एवढंच ऐकलं आणि तिसरं नाव खोडलं. 'हकीकत' वाचला तो केवळ त्यात धर्मेंद्र आहे म्हणून.

अध्यक्ष म्हणून मेजरांना बोलवायचं ठरलं. हे मेजर म्हणजे आमच्या दोन नंबर बिल्डिंगमधले निवृत्त रिसालदार. नगर जिल्ह्यात फौजेतून सुट्टीवर आलेला कुठलाही गडी मेजरच असतो. खरा मेजर आला तर त्याला काय म्हणायचं, हा प्रश्न गावानं अजून सोडवलेला नाही. मेजरांनी पहिल्या खेपेला सगळ्यांना समजावलं होतं, की बाबांनो, रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये शिपायाला सवार म्हणतात, हवालदाराला दफादार आणि सुभेदाराला रिसालदार. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि म्हणाले, "बरं, मेजर."

पडदा म्हणून चेअरमनांच्या घरची डबलबेडची चादर. प्रोजेक्टर एका क्लासवाल्याचा, साउंडबॉक्स गणपती मंडळाचे. पहिल्या रात्री 'युद्धपट संस्मरणीय का होतात' या विषयावर मी बोलायला उभा राहिलो. चेतन आनंद, 1964, लडाखमध्ये जाऊन केलेलं चित्रण, मदनमोहनचं संगीत, रफी, तलत, मन्ना डे आणि भूपेंद्र या चौघांनी मिळून म्हटलेलं ते गाणं. मुद्दे कागदावर होते आणि कागद बरेच होते. मी चौथ्या कागदावर आलो तेव्हा पोरं पतंगाच्या मांज्यावर बोलत होती आणि बायका हळदीकुंकवाच्या वाणावर. मेजर डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, चिंतन. घोरल्यावर उलगडा झाला.

त्यांची झोपेची तऱ्हा मात्र न्यारीच. गोळीबार सुरू झाला की गाढ झोपायचे; पडद्यावर माणसं नुसती बसून राहिली की जागे व्हायचे. बर्फात चालणाऱ्या तुकडीकडं बघून एकदम म्हणाले, "बूट बघा त्यांचे." मी इतक्यांदा 'हकीकत' पाहिलेला, बलराज साहनींच्या चेहऱ्यावरच्या रेषा पाठ, पण बूट मी कधी बघितले नव्हते. ते गाणं लागलं तेव्हा पोरांचा मांजासुद्धा थांबला. जवान मरणाच्या दारात बसलेले आणि आठवण काढतात ती घरच्या बाईची. मी मनात म्हटलं, हा मुद्दा माझ्या एकाही कागदावर नाही.

दुसरी रात्र 'बॉर्डर'ची. गर्दी लोटली. ऐन लढाईत पडद्यावरचा रणगाडा आग ओकायला आणि रेंजवर रात्रीचा सराव सुरू व्हायला एक गाठ पडली. खिडक्या थरथरल्या, चादर फुगली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. "काका, साउंडबॉक्स भारी आणले!" मंडळाच्या अध्यक्षानं कॉलर ताठ केली. मीही फौजेचं श्रेय गणपती मंडळाला जाऊ दिलं.

मेजर यावेळी जागे होते, पण डोळा भलतीकडं. सनी देओलकडं त्यांचं लक्षच नाही. त्यांना कुलभूषण खरबंदाचा लंगरवाला आवडला. "तो बघा, तो खरा माणूस. भांडी कुठं ठेवलीत बघा." थोड्या वेळानं: "पाण्याचा टँकर दिसंना." मी म्हटलं, मेजर, लढाई चाललीय. "लढाई सकाळपर्यंत उरकंल. पानी रोज लागतं."

पत्रांचं गाणं लागलं आणि सगळी वसाहत हुंदके देऊ लागली. मी मेजरांकडं बघितलं. भिजलेल्या डोळ्यांचा फौजी बघायची माझी फार इच्छा होती. त्यांच्या चेहऱ्यावर वैताग होता.

"मला बी पत्रं यायची, मोजणीसाहेब. थोरला भाऊ बांध कोरतोय, एवढंच असायचं त्यात. दर पत्रात एक एक वीत. मी तिकडं देशाची बॉर्डर राखतोय आन् इकडं माझी बॉर्डर सरकतीय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मोजणीचा अर्ज टाकलाय. तारीखच मिळंना."

मला तो अर्ज माहीत होता. माझ्याच टेबलावर, डावीकडच्या गठ्ठ्यात होता. मी पडद्याकडं टक लावून बघायला लागलो.

मध्यंतरात चेअरमननी विचारलं, "मेजर, तुम्ही किती लढाया पाहिल्या?"

"येकबी नाय." सगळे गप्प झाले. "ब्रासटॅक्सला गेलो, वाळूत हिवाळा काढला. लढाई झाली नाय. मग ऑपरेशन पराक्रमला गेलो, सरहद्दीवर दहा महिने बसलो. तव्हाबी झाली नाय. दोनदा गेलो, दोनदा वाट बघून आलो."

ब्रासटॅक्स म्हणजे 1986-87 चा हिवाळा, जनरल सुंदरजींचा तो अवाढव्य सराव, राजस्थानच्या सरहद्दीवर दोन्ही देशांच्या फौजा समोरासमोर. मी पुस्तकात वाचलेलं. पुस्तकात नसलेलं मेजरांनी सांगितलं. रेजिमेंटमधल्या एका गड्यानं सुट्टीवरून येताना 'धूमधडाका'ची कॅसेट आणलेली. जनरेटरवर टीव्ही, भाड्याचा व्हीसीआर, आणि समोर शीख, जाट, राजपूत. मराठी कळणारे पाच-सहा. बाकीच्यांना अशोक सराफांचा खोकला कळला. पहिल्या आठवड्यात एक जण तसा खोकायला लागला, पुढच्या आठवड्यात आख्खा स्क्वाड्रन. शेवटी डॉक्टर आले, छात्या तपासल्या, कुणाच्याही छातीत काही निघालं नाही.

"त्यो आमचा आवडता युद्धपट," मेजर म्हणाले. चेअरमननी ते वाक्य लगेच वहीत टिपून घेतलं. वही मी बघायला हवी होती.

सव्वीसला झेंडावंदनानंतर मी वसाहतीतल्या पोरांना घेऊन रणगाडा संग्रहालयात गेलो. 1994 साली सुरू झालेलं हे संग्रहालय म्हणजे नगरचं खरं वैभव. पाहुणे येतात, शिर्डी-शिंगणापूर करतात आणि इथून दोन मैलांवरून निघून जातात. रोल्स रॉइसची चिलखती मोटार आहे, आपला विजयंता आहे आणि ज्या जातीचे रणगाडे 1965 ला खेमकरणच्या उसात आणि चिखलात रुतले, तो पॅटनही आहे. पोरांना ते पॅटन फोडणारे अब्दुल हमीद ठाऊक होते. मग मी माझी खास माहिती काढली, की 'बॅटल ऑफ द बल्ज' या 1965 च्याच सिनेमात जर्मनांचे टायगर म्हणून जे दाखवले, ते हेच अमेरिकन पॅटन. ज्या वर्षी पंजाबात याची वाट लागली त्याच वर्षी हा पडद्यावर नटाची कामं करत होता. मुलांना हे आवडलं. माझी जीभ सैल सुटली.

तशात विषय निघाला अरुण खेत्रपाल यांचा. श्रीराम राघवन यांचा 'इक्कीस' त्यांच्यावरच आहे. पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट, वय 21. 1971 साली ते आमच्या नगरलाच यंग ऑफिसर्स कोर्स करत होते. लढाईचे वारे वाहू लागले आणि कोर्स अर्धा टाकून थेट रेजिमेंटमध्ये. 16 डिसेंबरला, बसंतरच्या लढाईत, त्यांच्या सेंच्युरियनला आग लागली. रणगाडा सोडून बाहेर पड असा हुकूम आला. तोफ अजून चालतेय म्हणून ते थांबले, आणि तिथंच गेले. परमवीरचक्र. त्या रणगाड्याचं नाव फामागुस्ता, आणि तो आज नगरलाच आर्मर्ड कोअरच्या केंद्रात जपून ठेवलेला आहे. त्याहून विलक्षण गोष्ट तीस वर्षांनंतरची. त्यांचे वडील, ब्रिगेडियर खेत्रपाल, 2001 साली आपलं मूळ गाव बघायला पाकिस्तानात गेले. ज्यांच्याकडं उतरले त्या ब्रिगेडियर नासर यांनी निघायच्या आदल्या रात्री सांगितलं, की त्या दिवशी तुमच्या मुलासमोर मी होतो. तो माझ्या हातून गेला. मला विचाराल तर आपल्याकडच्या कुठल्याही युद्धपटात याच्या तोडीचा प्रसंग कुणी लिहिलेला नाही, आणि हा तर घडलेला.

इथं थांबलो असतो तर शोभलं असतं. पण एका चिमुरडीनं विचारलं, "काका, तुम्ही असता तर उतरला असता?" आणि मी, बांधावर उताणा पडणारा मी, म्हणालो, "छे! रणगाडा सोडायचा नसतो."

त्याच दुपारी गावाबाहेर लष्कराचं शस्त्रप्रदर्शन होतं. टी-72 वर चढून बघायची मुभा. रांगेत सगळी शाळकरी पोरं आणि मी. मेजर खाली उभे राहून म्हणाले, "मोजणीसाहेब, वरूनच बघा." मी हसलो आणि कमांडरच्या झाकणातून आत पाय टाकले.

सिनेमात रणगाड्याच्या आत ऐसपैस उजेड असतो. कप्तानाच्या चेहऱ्यावरचा घाम दिसतो, भुवई दिसते. खऱ्या रणगाड्यात आपलाच हात दिसत नाही. गुडघे हनुवटीला, पाठीला लोखंड, कोपराला लोखंड, डिझेलचा आणि ग्रीसचा वास, आणि समोरच्या काचेच्या फटीतून एवढंच दिसतं: बाहेरच्या रांगेतल्या पोरांचे बूट. तीन माणसं यात दिवसच्या दिवस राहतात, राजस्थानच्या उन्हात. 'लेबनॉन' नावाचा एक इस्रायली सिनेमा आहे, 2009 चा, जवळजवळ सगळा रणगाड्याच्या आत घडणारा. तो मी सोफ्यावर पाय पसरून पाहिला होता आणि 'जरा संथ आहे' असं मत दिलं होतं.

अर्ध्या मिनिटात मला बाहेरची हवा हवीशी झाली. उठलो. डोकं बाहेर आलं, खांदे आले, आणि पोटावर गाडी अडली. आत जाताना पृथ्वी ओढत असते, बाहेर येताना तिची मदत नसते, हे लक्षात घेतलेलं नव्हतं. खेत्रपालांनी हुकूम असून रणगाडा सोडला नाही. मी सोडायला एका पायावर तयार होतो, रणगाडाच मला सोडेना.

"सर, साँस छोड़िए," वरचा जवान म्हणाला. विशीतला तमिळ पोरगा, हिंदी माझ्यापेक्षा बरी. श्वास सोडला. "पूरा छोड़िए." पूर्ण सोडला. खालून पोरं ओरडायला लागली, "काका, लवकर!" तीच चिमुरडी आईला सांगत होती, "काका रणगाडा सोडणार नाहीत, त्यांनी सांगितलंय." शेवटी मेजर वर आले. त्यांनी माझा पट्टा काढला, खिशातली मोजणीची टेप काढली, तिच्याकडं क्षणभर रोखून बघितलं, आणि दोघांनी मिळून मला भुईमुगाचं झाड उपटावं तसं उपटलं. लोकांनी 'भारत माता की जय' म्हटलं. कुणासाठी, ते कळलं नाही.

"आता तारीख मिळंल का?" मेजरांनी टेप परत देताना विचारलं. पुढच्या मंगळवारची दिली.

संध्याकाळी बरगडीला बाम चोळून खाली आलो, तर फलकावर चेअरमनांच्या अक्षरात: 'युद्धपट महोत्सव, रात्र तिसरी. आपल्या लाडक्या मेजरांचा आवडता युद्धपट: धूमधडाका. प्रास्ताविक: मोजणीसाहेब.' खाली कुणीतरी हौसेनं रणगाडा काढला होता. मी चेअरमनांना गाठलं आणि म्हटलं, अहो, हा महेश कोठारेंचा सिनेमा आहे, विनोदी आहे. ते म्हणाले, नावातच धडाका आहे, आणि मेजरांपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का? दुपारचं दृश्य त्यांनीही पाहिलेलं असल्यामुळं मी वाद घातला नाही.

वसाहत लोटली होती. आदल्या दोन रात्री घरात बसलेल्या आज्यासुद्धा पाट घेऊन आल्या. मी उभा राहिलो. दीर्घ श्वास घेता येत नसल्यानं प्रास्ताविक चार वाक्यांत आटोपलं: 1985 चा चित्रपट, 1986-87 चा हिवाळा, राजस्थानची सरहद्द, आणि स्क्वाड्रनचा खोकला. पहिल्यांदाच माझ्या भाषणाला टाळ्या पडल्या. मेजर पुढच्या रांगेत, टक्क जागे. अशोक सराफ पडद्यावर आले तसे ते सगळ्यांच्या आधी खोकले, मग पोरं खोकली, मग मी खोकलो आणि बरगडी धरून खाली बसलो.

मध्यंतरात चेअरमननी मला बाजूला घेतलं.

"साहेब, सिनेमा चांगला आहे. पण रणगाडे कधी येतात?"

"दुसऱ्या भागात," मी म्हटलं आणि वडापावच्या रांगेत घुसलो.